दोन दिवसांसाठी काढलेला खांब

मित्रांनो, मी एक जुना दगडी खांब आहे. सध्या आडवा पडलो आहे, पण जन्म गेला तो उभे राहण्यात. पाथरवटाने मला माणसाच्या कमरेइतके उंच घडवले आणि गल्लीच्या तोंडाशी, अगदी मधोमध रोवले. माझ्या बाजूने माणूस जाई, सायकल जाई. मोटारीला मात्र बाहेरच थांबावे लागे. एवढेच माझे काम.

त्यामुळे आतली गल्ली सगळी पोरांची. आया रांगती बाळेसुद्धा बिनघोर उंबऱ्याबाहेर सोडत. लपाछपीत ज्याच्यावर राज्य येई, त्याने माझ्यावर कपाळ टेकून, डोळे मिटून अंक म्हणायचे, हा गल्लीचा कायदा. किती कपाळांनी माझा माथा गुळगुळीत केला! सगळ्यांत धाकटी ठमी. तिला पाचच्या पुढचे येतच नसे, मग ती पुन्हा एकपासून सुरू करी.

ठमीच्या बाबांना पोरांचे भारी कौतुक. गल्लीच्या आतल्या टोकाला झोपाळे आणि घसरगुंडी आणायचे त्यांनीच मनावर घेतले. पण सामानाचा ट्रक माझ्यामुळे आत येईना. "दोन दिवस काढून ठेवू, मग परत बसवू," ते म्हणाले. मला उपटून तिथेच भिंतीकडेला टाकले. मीही कुरकुर केली नाही. पोरांसाठीच तर होते.

झोपाळे आले. ट्रकच्या मागोमाग मोटारीही आल्या. दाराशी गाडी लावायची चटक सगळ्यांना लागली, बाबांनाही. गरज सरो, वैद्य मरो! माझे नाव कोणी काढीना. आया पोरांना आत ओढू लागल्या. झोपाळे समोर दिसत, पण तिथवर जायची छोट्यांना बंदी. रिकामे झोपाळे पाहून मी थक्कच झालो.

एका संध्याकाळी ठमी आजीची नजर चुकवून निसटली. शेजारची दोन पोरे लपली, राज्य तिच्यावर आले. सवयीने ती धावत गल्लीच्या तोंडाशी आली आणि माझ्या जागेवर उभी राहिली. कपाळ टेकायला मी नव्हतो, म्हणून तिने हातांनी डोळे झाकले.

"एक, दोन..."

वळणावरून एक मोटार आत शिरली. मी पडलो दगड, ओरडणार कसा? माझ्या काळजाचे पाणी पाणी झाले!

करकचून ब्रेक लागला. मोटार तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. दार उघडून उतरले ते तिचे बाबाच, पांढरेफटक पडलेले.

"अगं, रस्त्याच्या मधोमध काय करतेस?"

तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "बाबा, थांब ना. माझ्यावर राज्य आहे. तीन, चार..."

बाबा तिच्याजवळ खाली बसले. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि तिथेच खिळली. मागून भोंगे वाजू लागले.

"अहो, गाडी घ्या की पुढे!"

"नाही घेणार," बाबा म्हणाले. "खांब परत बसेपर्यंत गाडी इथेच उभी राहील."

मोटार अजून तिथेच आहे. गवंडी सकाळी येणार म्हणतात; मी वाट पाहतो आहे. मित्रांनो, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला दोन दिवसांसाठीही हलवू देऊ नका. झोपाळा नसला तरी पोरे खेळतात हो. त्यांना डोळे मिटून पाचपर्यंत मोजता येईल, एवढी जागा तेवढी राहू द्या.