फाटकावरची तलंग

पालमच्या एसटीतून धुरपदाबाई उतरली ती काखेत तांबडी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, घेऊनच. ऊसतोडीवरच्या पाचटाच्या कोपीत अख्खा हंगाम तिनं ती आपल्या भाकरीतला तुकडा घालून वाढवली होती, लेकीच्या कोंबड्यांच्या शेडात सोडायला. लेकीकडं आई रिकाम्या हातानं जाते कुठं?

शिवकन्या धावत शेडाच्या फाटकापर्यंत आली आणि आतच थांबली.

"आई, तू घरी जा, आंघोळ कर, जेव. शेडात तू न्हाई, आन ही तर न्हाईच."

"का? आजारी दिसायली का ही?"

"दिसत न्हाई, त्याचंच तर भ्याव हाय."

गेल्या साली तिच्या कोंबड्याही धडधाकट दिसत होत्या. त्यांची अंडी शाळेत गेली, अर्धीकच्ची उकडली गेली आणि पोरं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. साल्मोनेला या जंतूचं नाव गावाला तेव्हा कळलं. बाजारातून आणून न तपासता कळपात सोडलेल्या चार कोंबड्यांनी तो आणला होता. शिवकन्यानं शेड रिकामं केलं, भिंती खरवडून चुना मारला, दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं, आतल्या चपला वेगळ्या केल्या. लोक हसले, म्हणाले, कोंबड्यांचंही सोवळं निघालं. हसोत बापडे. पोरांच्या ताटात आता पुन्हा तिचीच अंडी जात होती.

धुरपदाबाईला हे काही पटलं नाही. "जिथं ही, तिथं मी," म्हणत ती फाटकाबाहेर बाभळीखाली बसली. हट्ट लेकीत आला तो कुठून, हे कुणी विचारायला नको. शिवकन्यानं तिथंच पिठलं-भाकरी आणून दिली, हात साबणानं धुतले आणि कामाला लागली. तिला रडू येत होतं. तरी कडी घातलेलीच राहिली.

चुलतसासरे आबासाहेब तरातरा आले. भावकीत त्यांच्या शब्दाला कुणी आडवं जात नसे.

"जन्मदात्या आईला दारात बसवतीस? लाज वाटत न्हाई का? आन ती कोंबडी इकडं, मीच सोडतो आत." आपल्या खुराड्यातून तसेच आलेले, शिटेनं भरलेले बूट घालून त्यांनी कडीला हात घातला.

शिवकन्यानं आतून कडी दाबून धरली. "आबा, मी न्हाई सोडणार."

"कुणाला सांगायलीस तू?"

धुरपदाबाई उठली. तलंग काखेत धरून ती फाटकाला पाठ लावून उभी राहिली, आबासाहेबांच्या पुढ्यात.

"मी जन्म दिला तिला. मला न्हाई सोडलं तिनं आत. तुमी कोण लागून गेलात?"

आबासाहेबांनी कडीवरचा हात काढला. धुरपदाबाई तिथून हलली नाही. मागं न बघताच म्हणाली, "शिवा, कडी नीट लाव गं."