डाव्या हाताची राणी

मित्रांनो, शुक्रवार पेठेत एखाद्या घराच्या धाब्यावर कुरडया वाळत घातलेल्या दिसल्या, तर त्यांच्याखाली काय अंथरले आहे तेही जरा बघा. तो मी असण्याचा संभव आहे. मी एक जुना पडदा आहे. दाराचा नव्हे, देवळातला नव्हे, सिनेमाचा. आज माझ्यावर कुरडया आणि सांडगे वाळतात, चिमण्या येऊन टिपतात आणि दुपारी शेजारचे मांजर खुशाल ताणून देते. पण एके काळी दिवेलागणीला शेकडो माणसे माझ्याकडे तोंड करून बसत. आणि जवळजवळ तेवढीच माझ्या पाठीशी बसत. ही पाठीकडची हकीकत मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

माझा जन्म इथलाच, सोलापूरचा. नरसय्या नावाच्या विणकराच्या हातमागावर मी विणला गेलो. माझ्या सुताच्या कांड्या भरल्या त्याच्या बायकोने, रत्नम्माने. एवढा रुंद पडदा एका पन्ह्यात, म्हणजे मागाच्या एका रुंदीत, निघत नाही, म्हणून नरसय्याने पाच पट्टे विणले आणि तिने ते हाताने जोडले. टाका इतका बारीक की पुढे कधी कोणा नटीच्या गालावर शिवण दिसली अशी तक्रार आली नाही. ही तारीफ मी ऐकलेली आहे, पाहिलेली नाही. कारण, खरे सांगतो, मी जन्मात एकही सिनेमा पाहिला नाही. चित्र माझ्याच अंगावर पडायचे, ते मला कसे दिसणार? माझ्यावरून घोडे दौडले, नद्यांना पूर आले, राजवाडे जळाले, पण मला खरे ओले केले ते फक्त गंगम्माच्या बादलीने.

ही गंगम्मा म्हणजे आबासाहेबांच्या तंबूत माझी निगा राखणारी बाई. आबासाहेब हे तंबूचे मालक. तो काळ मुक्या सिनेमाचा होता. मोकळ्या मैदानावर तंबू ठोकलेला, त्याच्या मधोमध मी टांगलेला. पुढे बसणाऱ्याला पूर्ण दर, मागे बसणाऱ्याला निम्मा. खेळाआधी गंगम्मा मला चिंब भिजवायची, कारण ओल्या कापडातून उजेड आरपार जातो आणि मागच्यांनाही चित्र स्वच्छ दिसते. मधे मधे लिहिलेल्या पाट्या येत, त्या पुढे उभे राहून एक गृहस्थ मोठ्याने वाचून दाखवीत. मागून ती अक्षरे उलटी दिसत, पण मागे वाचता येणारे कोणी नव्हतेच, त्यामुळे कोणाच्या ते ध्यानात आले नाही.

सकाळी गंगम्मा मला मैदानाजवळच्या विहिरीवर धुवायला नेई आणि दोन लिंबांच्या मधे बांधलेल्या दोरीवर वाळत घाली. पाण्याला आलेल्या बायका तिला चिडवीत, "आमाला प्यायला पानी न्हाय आन तुझा पडदा रोज न्हातोय की." असे म्हणायच्या आणि तिथेच घागरी ठेवून कालच्या सिनेमावर बोलत बसायच्या. माझे सारे शिक्षण त्या विहिरीवर झाले. कोणता खेळ बघावा, कोणता टाकावा, कोणता नट नुसताच डोळे वटारतो, सगळे मला तिथे समजे. आबासाहेब वर्तमानपत्रात जाहिरात देत, पण पेठेतल्या बायका जायच्या त्या विहिरीवरच्या बोलण्यावर.

त्यात दोन मते वजनदार. एक रत्नम्माचे आणि दुसरे सारजाबाईचे. सारजाबाई माळशिरसकडची. त्याच्या पंधरा वर्षे आधी नवऱ्याबरोबर गिरणीत काम शोधत आली तेव्हा तिच्या कडेवर दोन महिन्यांची बाळाबाई होती. रत्नम्माने शेजारची खोली दाखवली, स्वतःची चूल वापरायला दिली आणि पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घातले. रत्नम्माला मूलबाळ नव्हते, तेव्हा ती पोर दोघींची झाली. आता सारजाबाईला गिरणीचा पगार होता, ती सिनेमाला पुढे बसे. रत्नम्माच्या घरी हातमागाची कमाई ओढाताणीचीच. ती मागे बसे. दोघी बरोबर येत, दारात वेगळ्या होत आणि सुटल्यावर पुन्हा बरोबर घरी जात. यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते.

पहिले काही महिने साहेबांच्या देशातले सिनेमे आले. मारामाऱ्या, घोडे, आगगाड्या. त्यावर कधी वाद झाला नाही. मग आपल्याकडचा एक सिनेमा आला, एका राणीचा. राज्य गेलेले, राणी रानात झोपडी करून राहते. दारी एक उपाशी साधू येतो आणि ती आपल्या वाटणीचा शेवटचा घास त्याला वाढते. पुढे बसलेल्या साऱ्या बायका रडल्या. सकाळी विहिरीवर सारजाबाईचे डोळे अजून लाल होते.

"लई चांगला हाय," ती म्हणाली. "त्या बाईनं वाढलं तवा माझा जीव गलबलला. समद्यांनी बघा."

"कशाला बघायचा?" रत्नम्मा म्हणाली. "डाव्या हातानं वाढती ती. दारात आलेल्या साधूला डाव्या हातानं घास? अय्यो, आमच्यात असं कुनी केलं तर पानावरनं उठून जातील. राणी असू दे न्हाय तर कुनी, मी तिच्या हातचं पानी पिनार न्हाय."

"डाव्या? अक्का, उजव्या हातानं वाढलं की."

"माझे डोळे फुटले न्हाईत, सारजा. पदर बी उजव्या खांद्यावर हुता. त्या साहेबांचं सोड, ते कुठल्या बी हातानं जेवत्यात. पर ही तर आपली बाई."

काशम्माही आदल्या रात्री पडद्यामागेच बसलेली होती. ती म्हणाली, "व्हय, डावाच हुता. मी बी बघितला." पुढे बसलेल्या सगळ्या म्हणाल्या, उजवा. बघता बघता विहिरीच्या दोन बाजू झाल्या आणि घागरी भरायच्या राहिल्या. मी दोरीवर लोंबत ऐकत होतो. मला सारे ठाऊक होते. एक बाजू माझ्या तोंडाची आणि एक पाठीची. दोघी खऱ्या होत्या. पण देवाने कापडाला तोंड दिले ते नुसते नावाला. त्या दिवसाइतका मुकेपणा मला कधी बोचला नाही.

शेवटी सारजाबाई चिडली आणि नको ते बोलली. "जाऊ द्या. निम्म्या दरात बघनारीचं मत बी निम्मंच असायचं."

रत्नम्माने घागर उचलली. जाताना ती शांतपणे म्हणाली, "मग रविवारच्या हळदीला माझा निम्मा हात तरी कशाला पायजे तुला?"

मित्रांनो, येत्या रविवारी बाळाबाईची हळद होती. जात्यात हळकुंडे घालायचा पहिला मान रत्नम्माचा, हे पोरीच्या पायात वाळे होते तेव्हापासून ठरलेले. त्यावरच आता पाणी पडले. दोघी एकाच ओसरीवर राहत, पण एकमेकींशी बोलेनात. बाळाबाई विहिरीवर येऊन गंगम्माला सांगे, "आई जेवत न्हाय आन मावशी माझ्याकडं बघत न्हाय. मावशी न्हाय तर मी हळद लावून घेनार न्हाय." गंगम्मा माझ्यावर पाणी ओतत नुसती मान हलवायची. सोमवारी भांडण झाले, शुक्रवार उजाडला तरी गाठ सुटेना.

त्या शुक्रवारी सकाळी मी दोरीवर वाळलो होतो. माझी वरची दोन टोके दोन लिंबांना गाठ मारून बांधलेली. मला उतरवायची रीत अशी, की आधी एका टोकाची गाठ सोडायची, तिकडून मला गोळा करत यायचे आणि मग दुसरी सोडायची. म्हणजे मी चिखलाला लागत नाही. गंगम्मा पोहऱ्याला लटकलेली, तिचे दोन्ही हात गुंतलेले. सारजाबाई माझ्या विहिरीकडच्या अंगाला उभी होती, रत्नम्मा पलीकडच्या. मी मधे असल्याने एकीला दुसरी दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी दोघींनी मान फिरवली असती.

"कुनीतरी उजव्या अंगाची गाठ सोडा गं," गंगम्मा ओरडली.

दोघींनी मुकाट्याने आपापल्या उजवीकडची गाठ सोडली. दोन्ही टोके एकदम सुटली आणि मी धपकन खाली आलो, अर्धा चिखलात आणि अर्धा दोघींच्या डोक्यावर. गंगम्माचा पोहरा विहिरीत गेला.

"एकच गाठ म्हनले हुते मी," गंगम्मा कळवळून म्हणाली. "सकाळधरनं धुतलाय त्यो."

"मी उजवीच सोडली," माझ्याखालून डोके काढत सारजाबाई म्हणाली.

"मी बी उजवीच," रत्नम्मा म्हणाली. चार दिवसांत दोघी एकमेकींसमोर पहिल्यांदाच बोलल्या होत्या, आणि तेही भांडायलाच.

सारजाबाई म्हणाली, "तू तिकडची सोडलीस. ती डावी."

रत्नम्मा उत्तर द्यायला तोंड उघडून तशीच थांबली. तिने एका लिंबाकडे बघितले, मग दुसऱ्याकडे. मग ती चिखलातच बसली आणि माझी कड हातात घेऊन उलटून पालटून पाहू लागली. माझ्या कडेला ना काठ ना नक्षी, पण तिच्या बोटांना लुगड्याच्या काठाची सवय होती.

"कुयरी," ती म्हणाली. "काठावरच्या कुयरीचं टोक सुलट बाजूनं डावीकडं वळलं तर उलट बाजूनं उजवीकडं वळतं. जन्म गेला माझा माग बघन्यात, आन हे मला कळू नये. मी शिनेमा उलट बाजूनं बघत हुते, सारजा. तो समदा शिनेमाच मला उलटा दिसला."

सारजाबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजले तशी ती हसली, गंगम्माही पोहरा विसरून हसली. मला वाटले, झाले, मिटले. चिखलाने माखलो होतो, पण मी खुशीत होतो. रत्नम्मा मात्र हसली नाही.

"हाताचं कळलं," ती उठून पदर झटकत म्हणाली. "पर माझं मत निम्मं म्हनलीस, ते आता कुठल्या बाजूनं बघू?"

रत्नम्मा निघून गेली. गंगम्माने मला पुन्हा धुतले. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. चूक कोणाची होती हे उघडे पडले होते. दुखले कोणाचे होते हे तसेच राहिले होते.

राणीच्या सिनेमाचा शेवटचा खेळ दुसऱ्या दिवशी, शनिवारी होता. रत्नम्मा आली आणि आपल्या नेहमीच्या जागी, माझ्या पाठीशी, खड्यांच्या जमिनीवर फडके टाकून बसली. तिला तो सिनेमा कुयरीच्या रीतीने, म्हणजे उलटे सुलट करून, पुन्हा एकदा बघायचा होता. काशम्मा शेजारीच होती. मग तिकिटाच्या खिडकीवर मला ओळखीचा आवाज ऐकू आला.

"मागचं एक द्या."

"बाई, तुमी तर पुढं बसता की," तिकीटवाला म्हणाला.

"आज मागं."

सारजाबाई माझ्याभोवती वळसा घालून मागे आली आणि रत्नम्माच्या शेजारी टेकली. रत्नम्माने आपले फडके तिच्या बाजूला सरकवले. दिवे मालवले. पेटीवाल्याने सूर धरला. माझ्या अंगावर नेहमीची ऊब पडली आणि पाट्या वाचणाऱ्याच्या आवाजावरून मला कळत गेले, की राज्य गेले, रान आले, साधू दारात आला.

सारजाबाई पुढे वाकली. आणि एवढ्या मोठ्याने बोलली, की काशम्माच काय, मागची सगळी जागा ऐकेल.

"डावाच हाय. मी हितं बसले असते तर मी बी हेच म्हनले असते."

मागची सगळी डोकी तिच्याकडे वळली.

"पदर बघ," रत्नम्मा म्हणाली. "तो बी उजव्या खांद्यावर हाय."

"व्हय की गं, अक्का."

राणी रडली असावी, कारण पुढच्या बाजूला नाके ओढल्याचे आवाज आले. मागे या दोघी डोळे पुसत होत्या, पण राणीसाठी नव्हे. खेळ संपत आला तेव्हा रत्नम्माने विचारले, "उद्या जातं कवा मांडनार?"

"तू येशील तवा," सारजाबाई म्हणाली.

मित्रांनो, पुढे बोलपट आले. आवाजाचे भोंगे पडद्यामागे बसले आणि मागे बसून बघायची सोयच संपली. मलाही मग निवृत्त करून, पट्टे सुटे करून पेठेत वाटून टाकले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कुरडयांखाली अंथरा, हवे तर धान्यावर पांघरा, फक्त वापरून झाल्यावर धुऊन उन्हात टाका, म्हणजे अजून काही वर्षे टिकेन. तुम्हीही सिनेमे बघाल, चांगला की वाईट यावर भांडाल, आणि भांडावेच; त्याशिवाय विहिरीवर जायला मजा नाही. पण ज्याने तेच चित्र बघून अगदी उलटे सांगितले, त्याला खोटा म्हणण्याआधी तो कोठे बसला होता ते विचारा. आणि तुमच्या बोलण्याने तो दुखावला असेल, तर विचारत बसू नका. तो बसतो त्या बाजूचे तिकीट काढा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.