उभा माऊस आणि गोजराबाईंचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. पण आडवा नव्हे, उभा. माझ्यावर हात पालथा घालायचा नसतो. समोरच्याचा हात प्रेमाने हातात घ्यावा, तसं मला धरायचं. कारखान्यात माझ्यासारखे पुष्कळ घडले, पण पौडच्या एस.टी. स्टँडासमोर पोहोचलेला मी पहिलाच, हे आजही मी छाती काढून सांगतो.

२००६ साली मी कल्पनाच्या दुकानात आलो. ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करायची. गणपती, तोरणं, मोरपिसं इकडून तिकडे ओढून तिचं उजवं मनगट इतकं दुखे, की भाकरी थापताना हात थांबायचा. "हात सुधारला नाही, तर हे काम सोडावं लागेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हिमतीने उभं केलेलं दुकान तिला सोडायचं नव्हतं. म्हणून हिंजवडीत नोकरी करणारा तिचा भाऊ अभय मला घेऊन आला.

तिच्या सासूबाई गोजराबाई रोज दुकान झाडायच्या. पहिल्याच सकाळी त्यांनी मला आडवं निजवलं.

"पडला व्हता, नीट ठिवला."

"आत्या, तो उभाच असतो."

"असा? तुझ्या भावाला धड काय घेताच येत न्हाई. मागं बी दुधी म्हनून घोसाळं आणलं व्हतं."

सुरुवातीला पडद्यावरचा बाण कल्पनाच्या हाती लागेना. तिने नेट सोडला नाही. शेतातलं भात पोटरीला आलं, कणसं डोकावू लागली, तोवर तिचा हात मोकळा झाला होता.

मग खंडेनवमी आली. दुकानात हत्यारांची पूजा झाली. कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली. गोजराबाईंनी मला उलटं केलं, पोटाखालचा लाल दिवा पाहिला, आणि ओल्या कुंकवाचं जाड बोट तिथंच टेकवलं. माझा डोळाच तो! मी आंधळा झालो.

दसरा झाला, पत्रिकांची घाई सुरू झाली आणि बाण जागचा हलेना. मी बिघडलो असं समजून कल्पनाने जुना आडवा माऊस काढला. थोड्याच दिवसांत मनगट पुन्हा ठणकू लागलं आणि तिच्या हातून चहाचा कप निसटला.

"आत्या, बंद करावं लागणार दुकान," ती हळूच म्हणाली.

गोजराबाई फुटका कप गोळा करत होत्या. त्या थांबल्या. "त्या उभ्याच्या पोटाखाली बघ जरा."

"काय आहे तिथं?"

"कुंकू. दिवा पेटतुया तितं देव असतुया, म्हनून लावलं."

कल्पनाने मला उलटं करून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "आत्या, देवाचा डोळाच लिंपलात तुम्ही."

"मग पूस की. हसतीस काय?"

कापसाचा बोळा फिरला आणि बाण पुन्हा धावू लागला. त्या हंगामातली एकही पत्रिका अडली नाही.

पुढच्या खंडेनवमीला गोजराबाई ताट घेऊन आल्या. माझ्यापुढे त्यांनी फक्त एक फूल ठेवलं. मग म्हणाल्या, "कल्पना, हात दे." आणि कुंकवाचं बोट तिच्या मनगटाला लावलं.

"हत्यार ह्ये हाय. त्यो नुसता दांडा."

मला वाईट वाटलं नाही. पुढची कित्येक वर्षं मी त्या हाताचा दांडा होऊन राबलो, बटणं गुळगुळीत होईपर्यंत. मित्रांनो, दांडा झिजला तर नवा बसवता येतो. मनगट बाजारात मिळत नाही. ते कुरकुरू लागलं, की काम थांबवून आधी त्याचं ऐका.