बंद मूठ

गाद्यांच्या कारखान्याने बास्केटबॉलचा संघ का पाळला होता, हे कारखान्यातही कोणाला नीट माहीत नव्हतं. मालकांना उंच माणसं आवडतात, एवढंच कारण सांगितलं जाई. मालक स्वतः जेमतेम पाच फूट होते. खेळाडूंच्या छातीवर उशीवर डोकं ठेवून झोपलेला एक माणूस छापलेला असे, आणि असा झोपलेला माणूस छातीवर घेऊन धावणाऱ्यांकडून प्रेक्षक चपळाईची अपेक्षा करत.

हंगामाच्या सुरुवातीला ती पुरीही झाली. पहिल्या सातातले सहा सामने संघाने जिंकले. मग खांबाचा घोटा दुखावला. खांब म्हणजे मधल्या जागेवर खेळणारा पस्तिशीचा गडी, प्रत्येक दारातून जाताना नमस्कार केल्यासारखा वाकणारा. घोटा महिन्याभरात बरा झाला, पण तोवर लंगडण्याची सवय बाकीच्या संघाला लागली होती. एकविसावा सामना हरून झाल्यावर चित्र अगदी स्वच्छ होतं. बाविसावा आणि शेवटचा सामना जिंकला तर वरच्या गटात राहायचं. हरला तर खालच्या गटात, जिथे सामने सकाळी नऊला होतात आणि प्रेक्षक म्हणून दुसऱ्या संघाचे राखीव खेळाडू बसतात.

संघाला कोच दोन. मुख्य कोचना सगळे थोरले म्हणत आणि सहायकाला धाकटे. धाकट्यांची सख्खी बहीण थोरल्यांच्या घरी दिलेली होती. बायकोचा भाऊ हाताखाली घेतल्यावर लोक जे बोलतात ते लोकांनी यथासांग बोलून घेतलं होतं, आणि बारा वर्षांनंतर त्यांचाच घसा बसला होता.

धाकट्यांकडे कामं पुष्कळ होती, पण खरं महत्त्वाचं एकच. टाइमआउट मोजणं. खेळ मिनिटभर थांबवून संघाला जवळ बोलावण्याची ही सवलत प्रत्येक संघाला मोजकीच मिळते. संपल्यावर चुकून मागितली की दंड: समोरच्यांना एक फ्री थ्रो, म्हणजे गुणासाठी बिनअडथळ्याची फेक, आणि वर चेंडूही त्यांनाच. शिल्लक टाइमआउट दाखवणारे बारीक दिवे बोर्डावर होते, पण ते हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात गेले. हॉलच्या व्यवस्थापकाला तीन अर्ज झाले. "बल्ब निघालेत," असं तो दर वेळी सांगे. बल्ब बहुधा चालत येत होते.

थोरल्यांचं काही अडलं नाही. त्यांनी त्या बोर्डाकडे कधी पाहिलंच नव्हतं. ते पाहत धाकट्यांच्या डाव्या गुडघ्याकडे. गुडघ्यावर दोन बोटं असली तर दोन शिल्लक. एक बोट, तर एक. बंद मूठ, तर संपले. बारा वर्षांत त्या गुडघ्याने एकदाही दगा दिला नव्हता.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी मालकांनी धाकट्यांना बोलावून घेतलं. मालकांच्या खोलीत पाहुण्यांसाठी खुर्ची नव्हती, नमुन्याची गादी होती. बसणारा कमरेपर्यंत आत जाई. बुडत्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, हे मालक धंद्यात शिकले होते.

"आज हरलो तर उद्यापासून संघ तुमचा," मालक म्हणाले. "घरातल्या घरात राहतंय. त्यांनाही वाईट वाटायचं कारण नाही."

"आणि जिंकलो तर?"

"तर प्रश्नच मिटला. तेच राहतील."

"त्यांना माहीत आहे हे?"

"छे. तुम्हीही बोलू नका. सामन्याआधी माणसाचं मन दुखवू नये."

धाकटे हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. ते "बघू" म्हणाले, आणि गादीतून उठायला त्यांना दोन प्रयत्न लागले.

घरच्या मैदानावर सामना असला की दोघं कोच साडेअकराला ताईकडे, म्हणजे थोरल्यांच्याच घरी, जेवत. ताई शिवणकाम करी. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत जेवणाचं टेबल, आणि दोन्हीकडे टाचण्या. संघाच्या जर्सी तीच घट्ट-सैल करून देई.

"मालकांच्या ऑफिसातून सकाळी इथे फोन आला होता," ताईने वाढता वाढता विचारलं. "तुझा नंबर मागत होते. कशाला बोलावलं होतं?"

धाकट्यांच्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत सुचलं ते त्यांनी सांगितलं. "जर्सीची मापं हवी होती."

"मापं तर मी घेतली की, गेल्या महिन्यात. वहीसकट पाठवली."

"खांबाचं पुन्हा हवं होतं."

"का? वाढला?"

"तसं नाही..."

"पस्तिसाव्या वर्षी वाढला असेल तर डॉक्टरला दाखवा. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी खोड काही जात नाही बघ."

थोरल्यांनी मान वर केली नाही. "मीठ दे," ते म्हणाले, आणि मीठ घालूनच केलेल्या भाजीवर त्यांनी आणखी मीठ घातलं.

हॉलकडे जाताना गाडी थोरले चालवत होते. धाकट्यांनी तीन वळणं मनातल्या मनात वाक्य जुळवलं. चौथ्या वळणाआधी सिग्नल लागला.

"किती वाढला खांब?" थोरल्यांनी समोर बघत विचारलं.

"भाऊजी, मला सांगायचं होतं की..."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. थोरल्यांनी गाडी सोडली, आणि हॉल येईपर्यंत ते समोरच्या संघाच्या डावखुऱ्या खेळाडूबद्दल बोलत राहिले, इतकं सलग की मध्ये एक शब्द घुसवायला जागा मिळू नये. माणूस असा बोलतो तेव्हा त्याला ऐकायचं नसतं, हे धाकट्यांना कळलं. आपल्याला सांगायचंही नव्हतं, हे कळायला मात्र त्यांना संध्याकाळ लागली.

सामना चारला सुरू झाला. पहिला अर्धा भाग दोन्ही संघ एकमेकांच्या चुकांवर जगले. तिसऱ्या भागात समोरच्यांनी लागोपाठ चार बास्केट केल्या तशी थोरल्यांनी नोंदी ठेवणाऱ्यांच्या टेबलाकडे वळून टाइमआउटची खूण केली. नेमक्या त्याच क्षणी पलीकडच्या कोचनेही केली, त्याच्या खेळाडूच्या बुटाची नाडी तुटली होती म्हणून. शिट्टी वाजली, खेळ थांबला. टाइमआउट कोणाच्या नावावर पडला, हे बोर्डावरचे मेलेले दिवे सांगणार नव्हते. धाकटे टेबलापाशी जाऊन विचारून आले.

"आपल्या नावावर लागला," ते म्हणाले.

"त्यांनी आधी मागितला होता."

"टेबल आपला म्हणतंय."

थोरल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत पाहिलं नव्हतं असं. "टेबल म्हणतंय, की तू म्हणतोयस?"

धाकटे काही बोलायच्या आत मिनिट संपलं.

चौथा भाग दातओठ खाऊन खेळला गेला. खांबाने दोनदा चेंडू रोखला. पुढे चेंडू आणणारा छोटेखानी खेळाडू, ज्याला पंचांशी वाद घालण्याच्या आवडीमुळे सगळे वकील म्हणत, आज पंचांशी एक शब्दही बोलला नाही. संघाला तेच अशुभ वाटलं. चार मिनिटं उरली असताना थोरल्यांनी टाइमआउट घेतला. दीड मिनिट उरलं असताना आणखी एक. धाकट्यांनी डायरीत शेवटची रेघ मारली आणि गुडघ्यावरची मूठ बंद केली. थोरले तेव्हा खांबाला ओरडत होते. त्यांनी पाहिली की नाही, कळलं नाही.

नऊ सेकंद. एकाहत्तर-सत्तर, एका गुणाने आपण पुढे, चेंडू वकिलाकडे. आता फक्त चेंडू सांभाळायचा होता. वकिलाने तो सांभाळत सांभाळत कोपऱ्यात नेला, आणि कोपरा ही जागा अशी की तिथे दोन भिंती रेघांच्या असतात आणि उरलेल्या दोन माणसांच्या होतात. डावखुरा आणि त्याचा जोडीदार वकिलावर चढले. त्याने चेंडू पोटाशी धरला आणि बेंचकडे पाहिलं. खेळाडूंनी स्वतः टाइमआउट मागायचा नाही, बेंचकडे पाहायचं, हा थोरल्यांचा नियम.

थोरले उठले. उठता उठता त्यांची नजर सवयीने गुडघ्याकडे गेली.

मूठ.

"एक आहे," थोरले म्हणाले.

"नाही." धाकटेही उठले. मूठ त्यांनी छातीपाशी आणली. "संपले, भाऊजी."

"तो त्यांचा होता."

"आपला होता. मी विचारून आलो."

आठ.

"तुला यातून काय मिळायचंय?" थोरल्यांनी अगदी हळू विचारलं.

खरं उत्तर असं होतं की बोलण्यातून काहीच मिळायचं नव्हतं. मिळायचं ते सगळं गप्प बसण्यात होतं. आत्ता नुसतं खाली बसलं असतं, बुटाची नाडी बांधायला वाकलं असतं, तरी उद्या संघ त्यांचा होता, आणि मूठ दाखवली होती म्हणून देवासमोरही निर्दोष. पण एवढं लांब उत्तर सेकंदात बसत नाही. आणि थोरल्यांनी डावा तळहात आडवा केला होता. उजवा हात त्याच्याखाली उभा लागला की खूण पुरी होणार होती.

धाकट्यांनी त्यांची दोन्ही मनगटं धरली.

सात.

"सोड."

"नाही."

"सोड म्हणतो."

"ताईची शपथ. एकही नाही."

थोरले चौपन्न वर्षांचे होते, पण खेळाडू होते. त्यांनी हिसका दिला. धाकटे त्या हिसक्यासोबत गेले, पण मनगटं सुटली नाहीत. बेंचवरचे राखीव खेळाडू सरकून बसले. प्रेक्षकांत वरच्या रांगेत बसलेले मालक नीट दिसावं म्हणून खुर्चीवर उभे राहिले आणि खेळाडूंच्या उंचीला आले.

सहा. पाच.

कोपऱ्यातल्या वकिलाला बेंचवरून हुकूम आला नाही. त्याला एवढंच दिसलं की त्याचे दोन्ही कोच हातात हात घालून उभे आहेत. आपलं आता कोणी नाही, हे त्याला एकदम स्वच्छ कळलं. त्याने चेंडू डावखुऱ्याच्या नडगीवर आपटला. चेंडू नडगीला लागून रेघेबाहेर गेला. शिट्टी. चेंडू आपला.

तीन सेकंद उरले होते. आता वेळ थांबली होती आणि थोरल्यांना टाइमआउटची गरज उरली नव्हती. तरी धाकट्यांनी मनगटं सोडली नाहीत.

बाहेरून चेंडू उंच आला. खांबाने तो झेलला आणि दोन्ही हात सरळ वर करून नुसता उभा राहिला. खाली तीन माणसं उड्या मारत होती. बावीस सामन्यांत खांबाने आपल्या उंचीचा इतका साधा उपयोग कधी केला नव्हता. भोंगा वाजला.

मग हॉलमध्ये जे व्हायचं ते झालं. राखीव खेळाडू मैदानात धावले. थोरले मात्र आपली मनगटं चोळत टेबलाकडे गेले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, सामन्याचा तक्ता स्वतःकडे फिरवला आणि टाइमआउटच्या चौकटींवरून बोट फिरवलं. एकदा. मग पुन्हा एकदा, उलट बाजूने. सगळ्या चौकटींत फुल्या होत्या. चष्मा घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

कपडे बदलायच्या खोलीत वकिलाला पुन्हा वाचा फुटली होती. "मला वाटलं तुम्ही दोघं निरोप घेताय. म्हटलं, सामना संपायची तरी वाट बघा."

सगळे हसले. थोरल्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि बाकावर बसले.

"मापं," ते म्हणाले.

धाकट्यांनी सांगितलं. गादी, मालक, हरलो तर, जिंकलो तर, सगळं. सांगायला मिनिटही लागलं नाही. सकाळपासून त्यांना जे मिळत नव्हतं ते मिनिट इतकं छोटं होतं.

"मला कधी सांगणार होतास?"

"जिंकल्यावर."

"आणि हरलो असतो तर?"

धाकट्यांनी तोंड उघडलं. बाहेर खांब दाराच्या चौकटीला डोकं आपटून कळवळल्याचा आवाज आला. आनंदाच्या भरात तो वाकायला विसरला होता.

"माहीत नाही," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. "तू धरलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "पण तुला धरावं लागलं. मूठ बघून मी थांबलो नाही." मग मनगटाकडे बघत म्हणाले, "नखं काप जरा."

संध्याकाळी ताईने दोघांना जेवायला वाढलं. "भर हॉलमध्ये माझी शपथ घातलीस म्हणे," ती भावाला म्हणाली. "खोटी निघाली असती तर मी गेले असते. विचारायची तरी पद्धत." तिने नवऱ्याची मनगटं पाहिली, भावाचं तोंड पाहिलं. मग मीठ तिने टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवलं.

थोरले राहिले. धाकटेही राहिले. मालकांनी दोघांना एकेक गादी दिली.

नव्या हंगामात हॉलचे बल्ब एकदाचे पोचले. आता शिल्लक टाइमआउट बोर्डावर ठळक पिवळे दिसतात, शेवटच्या रांगेतूनही. धाकट्यांना गुडघ्यावर बोटं ठेवायचं काही कारण उरलेलं नाही. तरी ते ती ठेवतात, आणि थोरले अजून आधी तिकडेच बघतात. मग मान वर करून बोर्डाकडे बघतात.

दोन्हीकडे आकडा आजवर एकच निघाला आहे.