काय आलतं?

तोहिद परीक्षा केंद्राचा जिना दोन-दोन पायऱ्या उतरत आला आणि पास झाल्याचा कागद त्याने थेट संयोगिताताईंच्या हातात दिला. ताईंना आनंदाने काही सुचेना. त्यांनी त्याच्या तोंडात पेढा कोंबला आणि शाळेपासून जिभेवर बसलेला प्रश्न विचारला, "काय आलतं?"

तोहिद चावायचा थांबला. "सांगता येत न्हाय, ताई. प्रश्न बाहेर फोडणार न्हाय अशी सही करून आलोय."

ताईंच्या मनाला लागलं, खोटं कशाला बोला. तिशीतला तोहिद कबनूरला मागावरची पाळी संपवून उचगावला त्यांच्या घरी शिकायला यायचा. सॉफ्टवेअर तपासणीचं एकही टिपण ताईंनी कधी कुणापासून लपवलं नव्हतं. सगळं अभ्यासाच्या ग्रुपवर, फुकट. त्या स्वतः चौदा वर्षं कंपनीत डेटा भरत होत्या. उद्या त्याच परीक्षेला त्या बसणार होत्या. पास झाल्या तर तपासणी विभागात जागा, नाहीतर पुन्हा डेटा.

तोहिदलाही चैन पडेना. अभ्यासक्रम काय, तो परीक्षा घेणाऱ्या संस्थेने सगळ्यांसाठी खुलाच ठेवलाय, तोच पुन्हा घेऊ, असं म्हणून तो चहाच्या गाड्यापाशी त्यांची वही उघडून बसला. तो विचारी, ताई धडाधड सांगत. दोघांनाही भलताच हुरूप आला. चौथ्या प्रकरणात मात्र त्याचा आवाज हळू झाला. एक ओळ त्याने दोनदा वाचली आणि बोट तिथेच ठेवलं.

ताईंना कळलं. क्षणभर फार बरंही वाटलं. मग त्यांनी वही मिटली.

"आता घरी जा, तोहिद. पोरांस्नी पेढं दे."

"मी काय बोललो न्हाय, ताई."

"व्हय. पण तुझ्या कागदाला जी किंमत हाय, ती माझ्याबी कागदाला असू दे की."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर त्याच ओळीवरचा प्रश्न आलाच. उत्तर ताईंना तोंडपाठ होतं. पास होऊ की नाही याची खात्री नव्हती. तरी तो प्रश्न कोरा सोडून त्या पुढे गेल्या.

दुपारी जिन्याखाली सगळा ग्रुप उभा होता. ताई पास झाल्याचं कळताच एकच कल्ला झाला. प्रकरणवार गुणांचा कागद तोहिदच्या हाती आला.

"चौथ्यात एक गेला, ताई? ते तर तुम्हीच आम्हाला शिकवलंय."

"गेला," ताई म्हणाल्या.

तोहिदने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, कागदाची नीट घडी घालून परत दिली. मागून कुणीतरी विचारलं, काय आलतं? तेव्हा त्यानेच पेढ्यांचा बॉक्स उघडून पुढे केला.