सहलीतली पाव्हणी

सफाळ्याच्या मागच्या डोंगरात लाडकीचा पाडा. तिथे बोईसरच्या इंग्रजी शाळेची सहल येणार, हे तिला तिच्या पोरीनेच फोनवर सांगितलं. स्नेहा काकाकडे राहून त्याच शाळेत आठवीत शिकत होती. "आय, तू त्या दिसाला रानात जा. मी हितली हाय, ते कोनाला म्हाईत नाय." लाडकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रानात कुठली जाते! त्या दिवशी ती मुद्दाम नवी साडी नेसून ओट्यावर ठाण मांडून बसली. पोरगी ओळख देते की नाही, तेवढंच तिला बघायचं होतं.

बस आली. गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवलेली पोरं उतरली आणि शेणाच्या वासाने नाकं दाबून उभी राहिली. मिसने त्यांना वर्गात आदिवासींवरची एक फिल्म दाखवली होती, त्यामुळे सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक. घरावरची डिशची छत्री बघून एक जण हिरमुसलाच. "मिस, यांच्याकडे टीव्ही आहे! हे खरे नाहीत." लाडकीला हसू आवरेना. खरं व्हायला आता या शेंबड्यांची परवानगी काढावी लागणार होती तर.

स्नेहा सगळ्यांच्या मागे होती. स्वतःच्याच घराकडे ती पहिल्यांदा बघत असल्यासारखी बघत होती. लाडकीने तिच्यावर नजर रोखली, तशी पोरीने मान वळवली.

"मावशी, फिल्ममध्ये होता ना, तसा लग्नाचा चौक काढा भिंतीवर," मिस म्हणाली. पांढऱ्या रंगाची डबीसुद्धा तिने बरोबर आणली होती.

"लगीन हाय कोनाचं? तुमचं?"

पोरं खिदळली.

"लगीन नाय तं चौक नाय. चौकात देवी येते. तिला बोलवून उपाशी नाय ठेवत."

मिस मुलांकडे वळली. "बघा, शिक्षण नसलं की आपल्याच कलेची किंमत कळत नाही." एवढं शिकवून झाल्यावर ती बुटांसकट ओट्यावर चढली, ब्रश बुडवला आणि भिंतीवर पहिली रेघ ओढली. स्वतःच्या देवघरात ही बया अशी बूट घालून शिरली असती का?

लाडकी उठणार, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "मिस, नका काढू! देवीला बोलवून उपाशी नाय ठेवत!"

सगळे वळले. स्नेहा लालबुंद झाली होती. लाडकीचा सगळा राग क्षणात उतरला. बोल पोरी, आता बोल.

"तुला कसं गं माहीत?" मिसने विचारलं.

स्नेहाने एकदा आईकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "फिल्ममध्ये होतं, मिस."

"हो का? माझं लक्ष नसेल." मिसने निमूटपणे ब्रश पुसला. समोर बसलेली बाई सांगत होती ते खोटं, आणि फिल्मचं नाव काढल्याबरोबर सगळं खरं! अशा शाळेत घालायला आपण पोरीला लांब ठेवलं, याची लाडकीला चीड आली.

ती आत गेली, कळशी भरून घेऊन आली आणि एकेकाला पाणी देऊ लागली. दारात आलेल्याला तहानलेलं पाठवायची पाड्यात रीत नाही. शेवटी ती स्नेहापुढे उभी राहिली आणि तिने तांब्या पुढे केला.

"घ्या पाव्हनी, पानी घ्या. लांबून आल्या तुमी."

स्नेहाने तांब्या धरला, पण तो तोंडाला लावणं तिला जमेना. आईने तिला आजवर शिव्या दिल्या होत्या, मारलंही होतं. 'तुमी' कधी म्हटलं नव्हतं.