मऊ चेहरा

काजितानींनी सात नंबरच्या गोल्फ-काठीचं डोकं घासायच्या फिरत्या पट्ट्यावर टेकवलं, दोन श्वास धरून ठेवलं आणि काढून घेतलं. ठिणग्या थांबल्या. मग ते तात्पुरत्या दांड्यावर बसवून त्यांनी जमिनीवरच्या हिरव्या चटईच्या तुकड्यावर टेकवलं आणि खेळाडू उभा राहतो तसे पाय फाकवून, मान खाली घालून बघत राहिले. वरच्या कडेला, टोकाजवळ, केसभर लोखंड जास्त होतं. असलं केसभर जास्त काजितानींना दिसतं आणि देवाला दिसतं, असं आमच्या गावात म्हणतात. देवाचं लोक सवयीने म्हणतात.

दारात एक उंच, वाकलेला म्हातारा उभा होता. त्याने बूट काढून हातात धरले होते. जपानमध्ये बूट काढायचे हे त्याच्या लक्षात होतं. कारखान्यात काढायचे नसतात, हे विसरला होता.

"अजून उभं राहूनच बघता तुम्ही, काजितानी-सान," तो म्हणाला.

काजितानींनी लगेच मान वर केली नाही. ती घसरणारी जपानी, प्रत्येक वाक्य प्रश्न असल्यासारखं शेवटी वर चढवणारी, त्यांनी पस्तीस वर्षांनी ऐकली आणि ओळखली.

"बूट घाल," ते म्हणाले. "पायात लोखंडाचा कीस जाईल."

वेंडेल हॅस्किन त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात तीन महिने याच कारखान्यात होता. अमेरिकेतल्या एका कंपनीने त्याला गोल्फच्या काठ्या कशा घडवतात ते बघायला इचिकावात पाठवलं होतं. इथले लोहार लोखंडाचा एकच तुकडा तापवून, ठोकून काठीचं डोकं काढतात, आणि काजितानींसारखे घासणारे त्याला शेवटचा आकार देतात. वेंडेल काजितानींच्याच घरी राहिला, त्यांच्याच टेबलाशी जेवला आणि त्यांच्याशी रोज भांडला.

वेंडेलचं म्हणणं, शंभरातल्या नव्वद लोकांना चेंडू नीट मारता येत नाही, तर काठीने त्यांना सांभाळून घ्यावं. म्हणून अमेरिकन काठीचा तळ रुंद, कड जाड, पाठीत पोकळ खड्डा. मारणारा चुकला तरी चेंडू बिचारा जातो. काजितानींचं म्हणणं, काठीच सांभाळून घ्यायला लागली तर माणसाने शिकायचं कधी? त्यांची काठी पातळ आणि भरीव. चेंडू बरोबर लागला तर हाताला कळतही नाही, चुकला तर कोपरापर्यंत झिणझिण्या.

"तुझी काठी म्हणजे आजी," काजितानी म्हणायचे. "नातवाने काही करो, शहाणा माझा बाळ."

"आणि तुमची म्हणजे सासू," वेंडेल म्हणायचा. हा शब्द त्याने मुद्दाम शिकून घेतला होता.

सगळा कारखाना हसायचा. ते तीन महिने काजितानींच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. पण त्या हिवाळ्याची गोष्ट निघाली की ते हातातलं काम खाली ठेवायचे, त्यावरून आम्ही ओळखायचो.

मग तो परत गेला आणि वसंतात त्याचं पत्र आलं. काजितानींना इंग्रजीचा गंध नव्हता, पण त्यांची बायको फुमिए गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने शब्दकोश घेऊन पत्र वाचलं आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "ते लिहितात, तुमच्या काठ्यांचा चेहरा मऊ आहे. त्यांच्याकडे चालणार नाही."

आमच्याकडे काठीला चेहरा असतो. चेंडूमागे काठी ठेवून वरून बघितलं की जी दिसते, ती कड, तो टोकाचा गोलावा, मानेपासून उतरणारी रेघ, तो तिचा चेहरा. घासणारा जन्मभर दुसरं काही घडवत नाही. आणि 'मऊ चेहरा' म्हणजे मुळमुळीत चेहरा, हात न बसलेल्या माणसाने घासलेला. सुगरणीच्या तोंडावर तिचा स्वयंपाक अळणी म्हणावा, त्यातलाच प्रकार. काजितानींनी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. त्या वर्षापासून त्यांच्या काठ्या आणखी पातळ झाल्या, कडा आणखी करकरीत. ओसाका-टोकियोचे खेळाडू शोधत येऊ लागले. लोक म्हणाले, हाताला धार आली. धार रागाची होती.

आता वेंडेलने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि आतून एक काठी काढून चटईवर ठेवली. अमेरिकन, फावड्याएवढ्या तळाची.

"चौऱ्याऐंशी वर्षं झाली मला," तो म्हणाला. "आता मला आजीच लागते. सासूबाईंशी माझं जमत नाही. पण चेंडूमागे ठेवून खाली बघितलं की लाज वाटते. तुम्ही हिला चेहरा द्या. तेवढ्यासाठी आलोय."

"मऊ चेहऱ्याच्या माणसाकडे कशाला आलास?"

"मऊ?"

"तूच लिहिलं होतंस." काजितानींचा आवाज शांत होता, पण पुसायचं फडकं त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं. मरायच्या आधी एकदा या माणसाला हे विचारायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. "तीन महिने माझ्या शेजारी उभा राहिलास. माझा हात बघितलास. आणि घरी गेल्यावर लिहिलंस, चेहरा मऊ आहे."

वेंडेल त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने काजितानींची सात नंबरची काठी उचलली, आडवी केली आणि जिथे चेंडू लागतो त्या सपाट बाजूवर नख वाजवलं.

"हा," तो म्हणाला. "आमच्याकडे चेहरा म्हणजे हा. चेंडू लागतो तो. तुमचं लोखंड मऊ. आमच्या वाळूत दोन वर्षांत त्याच्यावरच्या रेघा झिजतात. वरून कडक मुलामा द्या, एवढंच लिहिलं होतं कंपनीने."

"मग याला काय म्हणता?" काजितानींनी वरची कड दाखवली.

"याला?" वेंडेलने विचार केला. "याला आमच्याकडे शब्द नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं होतं."

कारखाना आणि घर यांच्यामधल्या ओटीवर फुमिए सुकवायला लावायची पर्सिमनची केशरी फळं सोलत बसली होती. एवढा वेळ तिच्या सुरीचा बारीक आवाज येत होता, तो थांबला.

"कुठे बोलावलं होतं?" काजितानींनी विचारलं.

"दुसऱ्या पानावर. पहिलं पान कंपनीचं होतं, टाइप केलेलं. दुसरं मी हाताने लिहिलं होतं. दोन वर्षांसाठी या म्हणून, आमच्या लोकांना बघायला शिकवा म्हणून. घरसुद्धा बघितलं होतं, वहिनींना आवडेलसं, मागे अंगण असलेलं." वेंडेल जरा थांबला. "उत्तर आलं नाही. मला वाटलं, मी आगाऊपणा केला."

काजितानींनी ओटीकडे बघितलं. फुमिए हातातल्या फळाकडे बघत होती. अर्धं साल लोंबत होतं. चुकून मोडलेलं भांडं लपवणारी मुलगी उभी राहते तशी ती बसली होती, आणि ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

"आलं होतं ते पान," काजितानी म्हणाले. "वाचलं होतं मी. तेव्हा आई आजारी होती. उत्तर द्यायचं राहून गेलं."

काजितानींची आई त्या पत्राच्याही बारा वर्षं आधी वारली होती. घरातल्या देव्हाऱ्यात तिचा फोटो होता आणि त्या तीन महिन्यांत वेंडेलने रोज सकाळी त्यापुढे उदबत्ती लावली होती.

त्याने एकदा काजितानींकडे बघितलं, एकदा ओटीकडे. मग मान हलवली.

"आईंचं करायलाच हवं," तो म्हणाला. "आता कशा आहेत?"

"आता बरी आहे," काजितानी म्हणाले.

त्यांनी त्याची अमेरिकन काठी चटईवर नीट टेकवली आणि तिच्यामागे पाय फाकवून उभे राहिले. बराच वेळ बघितलं. "कड उतरवता येईल. टोकही जरा गोल करतो. तळाला हात लावत नाही. वरून माझी दिसेल, खालून तुझी राहील."

"किती दिवस लागतील?"

"तू मरायच्या आत देतो."

"आणि तुमचा नंबर आधी लागला तर?"

"तर मग तुझं नशीब. आजीच्या तोंडाकडे बघत बस."

वेंडेल हसला. बऱ्याच वर्षांनी त्या छपराखाली तसं कोणी हसलं असेल. त्याची हिमेजीची आगगाडी तीन वाजता होती. जाताना ओटीपाशी थांबून तो वाकला आणि जपानीत म्हणाला, "वहिनी, तुमच्या हातच्या मुळ्याच्या रश्शाची मला अजून आठवण येते." फुमिए उलट वाकली. त्र्याऐंशी सालीही ती अशीच नुसती वाकायची आणि आत निघून जायची. मास्तरीणबाई इंग्रजी शिकवतात पण साहेबाशी दोन शब्द बोलत नाहीत, काय तोरा आहे, असं कामगार म्हणायचे.

टॅक्सी वळणाआड गेली तेव्हा काजितानी ओटीच्या कडेवर येऊन बसले. पर्सिमनची टोपली दोघांच्या मध्ये होती.

"मला वाचता आलं नाही," फुमिए म्हणाली.

त्यांनी मान तिच्याकडे वळवली.

"पुस्तकात अक्षरं सुटी असतात. टाइप केलेलं पानही सुटं होतं, एकेक शब्द काढून लावला. ते दुसरं पान म्हणजे सगळी अक्षरं एकमेकांत गुंतलेली, लोकरीसारखी. दोन दिवस बसले. तुमचं नाव तेवढं सापडलं. तीन वेळा होतं."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? गावात इंग्रजी येणारी मी एकटी. तुम्ही सगळ्या कारखान्याला सांगून बसला होता, घाबरू नका, माझी बायको वाचेल." तिने साल ओढून काढलं. "शाळेत कळलं असतं. मुलांना कळलं असतं. मी पान ठेवून दिलं, आणि वर्षअखेरीला देवळात जुन्या पवित्र वस्तू जाळतात त्यात घातलं. कचऱ्यात टाकवेना."

काजितानींना राग यायला हवा होता. त्यांनी तो शोधूनही बघितला. पस्तीस वर्षं जो एका माणसावर धरला, तो उचलून दुसऱ्या माणसावर ठेवता येतो का, तसं. आला नाही. त्याच्या जागी नुसतं दुखत होतं, आणि कुठे ते सांगता येत नव्हतं.

"तुम्हाला जायचं होतं?" फुमिएने विचारलं.

"हो," ते म्हणाले.

तिने सुरी खाली ठेवली. समोरच्या डोंगरावरचं ऊन निम्म्यावर उतरलं होतं. खाली नदीपलीकडे कोणाचा तरी हातोडा वाजत होता. पूर्वी तिथे अकरा हातोडे वाजायचे.

"तेव्हा मी तुला विचारलं असतं, जाऊ या का, तर काय म्हणाली असतीस?"

फुमिएने बराच विचार केला. खोटं बोलायची सोय आता दोघांकडे उरली नव्हती.

"नाही म्हणाले असते."

"का?"

"तिथे बोलावं लागलं असतं हो. शिकवणं वेगळं. पावाच्या दुकानात गेले असते आणि त्या बाईने काही विचारलं असतं, तर काय केलं असतं मी? तीन महिने ते घरात होते. रोज सकाळी आरशासमोर एक वाक्य पाठ करायचे. रस्सा आणखी हवा का, एवढंच. शेवटपर्यंत जमलं नाही."

काजितानी तिच्याकडे बघत राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात हे त्यांना माहीत नव्हतं. जी केसभर कड तिसऱ्या कोणाला दिसत नाही ती ज्यांना दिसते, त्या माणसाला.

"आणि तू नाही म्हणाली असतीस," ते सावकाश म्हणाले, "तर मी गेलो नसतो."

"नसता गेलात."

त्यांनी टोपलीतलं एक फळ उचललं, उगाच हातात फिरवलं आणि तिच्यापुढे धरलं.

"मग पत्र तू बरोबरच वाचलंस," ते म्हणाले.